ढिल्या तारांची चाकं

सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या सोसायटीत विमान बनवणारं कुणी नव्हतं, पण विमानाची चाकं बनवणाऱ्या दोन बायका एकाच घरात होत्या. एक बनवायची आणि दुसरी ‘मी बनवते’ असं सांगायची.

सांगणारी जयश्री, थोरली जाऊ. बनवणारी नूतन, धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, पांडेसऱ्यात लूमच्या एकाच खात्यात, म्हणजे कारखान्यात, एक दिवसपाळीला आणि एक रातपाळीला. त्यामुळे घरात पुरुष असला तरी तो झोपलेलाच असायचा. जाग्या माणसांत या दोघी आणि दारात खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई, शोभाबाई. शोभाबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं आणि कानांनी जास्त.

चाकांचं काम घरात आलं ते जयश्रीमुळे, हे तिच्या खात्यावर जमा धरलंच पाहिजे. मागच्या गल्लीतली जागृती साडीला फॉल लावून घ्यायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, वडिलांना विमानाच्या चाकांनी वेड लावलंय. वडील म्हणजे धम्मरत्न काका, रेल्वेतून रिटायर झालेले फिटर. पहिल्या महायुद्धातली दुपंखी विमानं ते हुबेहूब बनवायचे, खाटेएवढी, इंजिन लावून खरोखर उडणारी. पंख जमले, इंजिन जमलं, पण त्या जुन्या विमानांना सायकलसारखी तारांची चाकं असायची, ती काही जमेनात. बाजारात मिळतात ती प्लॅस्टिकची, तारा म्हणजे नुसत्या उठवलेल्या रेघा.

“आणा की इकडे,” जयश्री म्हणाली. “आमच्याकडे होतं ते.”

तसलं चाक तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण न पाहिलेल्या वस्तूला ‘होतं’ म्हणायची हिंमत हेच तिचं भांडवल, आणि सुरतेत तेवढ्या भांडवलावर लोकांनी बंगले बांधलेत.

काम बसलं नूतनच्या मांडीवर. तिचा बाप बीमची तार जोडणारा; तार म्हणजे लूमवरचा धागा. लूमवर नवा बीम, म्हणजे ताण्याच्या तारांचा रूळ, चढला की जुन्या तारेला नवी तार बोटांच्या चिमटीत पिळून जोडायची, हजारो तारा, आणि सगळ्यांचा ताण एकसारखा राहिला पाहिजे. एक तार सैल राहिली तर कापडात रेघ पडते. नूतन लहानपणी बापाचा डबा घेऊन खात्यात जायची आणि तिथेच बसून राहायची. तिच्या बोटांना ताण कळायचा, जसा काहींना तापल्या तव्याचा अंदाज कळतो.

काकांनी लेथवर कातलेली ॲल्युमिनियमची कडी दिली, कडेने बारीक भोकं पाडलेली. मधला तुंबा पितळी नळीचा, दोन्ही तोंडांना भोकांच्या चकत्या. नूतनने लाकडी पाटीवर खिळे ठोकून साचा केला, त्यात कडी घट्ट बसवली, तुंबा बरोबर मध्यावर उभा केला आणि पॉलिस्टरची एकपदरी तार ओवायला घेतली. एक तार पुढच्या चकतीला, पुढची मागच्या चकतीला, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. दोन्ही बाजूंनी सारखं ओढलं तरच कडी मध्ये उभी राहते, नाहीतर एका अंगाला कलते. ओवून झालं की प्रत्येक तार नखाने छेडायची. सगळ्या एका सुरात वाजल्या की टोकांवर पातळ गोंदाचा थेंब, मग चंदेरी रंग. खऱ्या चाकात तार कडीला मिळते तिथे बारीक बोंडी असते. तीही तिने वायरीचं वेष्टण कापून ओवून बसवली. असं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी दाखवलेल्या फोटोत तिला ती दिसली, इतकंच.

पहिलं चाक काकांनी हातात घेतलं, उलटसुलट करून एकेक तार छेडून पाहिली. मग म्हणाले, “जयश्रीताई, तुमच्या हाताला सलाम.”

जयश्रीने सलाम ठेवून घेतला. नूतन तेव्हा आत चहा गाळत होती. चहा गाळणाऱ्या बाईला वाटलं, असू दे, घरचंच आहे. घरच्या माणसाकडे केलेली ही पहिली उधारी. ती कधी वसूल होत नाही आणि लिहिलेलीही नसते.

मग काकांच्या विमानांच्या क्लबातले इतरही चाकं मागायला लागले. जयश्री गिऱ्हाइकांशी बोलायची, कड्या आणून घ्यायची, तारीख द्यायची, तारीख पाळायला नूतनला बसवायची. डिसेंबरात क्लबाने मेळा भरवला. बमरोलीच्या पुढे एका बिल्डरची अर्धवट राहिलेली टाउनशिप आहे. घरं झाली नाहीत पण डांबरी रस्ता झाला, त्यावर यांची विमानं उडतात. टेबलावर चाकं मांडली होती. जागृतीने मोबाइल समोर धरला आणि विचारलं, “ही कुणी बनवली?”

“मीच,” जयश्री म्हणाली. पदर सारखा केला, मग शेजारी उभ्या नूतनच्या पाठीवर हात ठेवला. “आणि ही आमची नूतन. हाताखाली असते. दोरे कापून देते.”

सुरतेत घरोघरी साड्यांचे सुटे दोरे कापायचं काम चालतं. ज्याला दुसरं काही येत नाही त्याला ते देतात. म्हाताऱ्या कापतात, शाळेतून आलेल्या मुली कापतात. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. नूतन कॅमेऱ्याकडे बघून हसली, कारण कॅमेरा समोर असला की माणूस हसतो. तो व्हिडिओ माहेरी पोचला. बीम जोडणाऱ्या बापाने फोन करून विचारलं, “नूतन, तू दोरे कापतेस का गं?”

तिने फोन ठेवला आणि त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती: त्याच माणसांसमोर, त्याच जागेवर, जयश्रीने स्वतःच्या तोंडाने म्हणावं की चाकं नूतनची आहेत. माफी नको होती. माफी मागण्यात जयश्री पटाईत होती, सणावाराला मागायची.

आधी तिने सरळ विचारून पाहिलं. दोघी मेथी निवडत होत्या.

“ताई, त्या दिवशी तुम्ही मला दोरे कापणारी म्हणालात.”

“मग? कापतेस ना?”

“आणि ओवतं कोण?”

“अगं, काम कुणी आणलं? मी गेले नसते तर तू काय ओवणार होतीस, शेवयांच्या लडी? लोकांना एक नाव लागतं. दोन नावं सांगितली की म्हणतात, मग भाव कुणाशी करायचा.” मेथीची काडी मोडून तिने टोपलीत टाकली. “घरात माझं-तुझं करू नये.”

माझं-तुझं करू नये असं नेहमी ज्याच्याकडे ‘माझं’ जमा झालेलं असतं तोच सांगतो. नूतनने मेथी निवडून संपवली. जयश्रीचं एक वाक्य मात्र तिने बाजूला काढून ठेवलं: लोकांना एक नाव लागतं. बरोबर आहे, तिच्या मनात आलं. मग कौतुकाला जे नाव लागलं, तेच खोट निघाल्यावरही लागू दे.

फेब्रुवारीत काकांनी मोठं काम दिलं. पंधरा ऑगस्टला क्लब झेंडावंदनानंतर विमानं उडवणार होता, आजूबाजूची माणसं बघायला येणार होती. काकांनी त्यासाठी नवं विमान बनवायला घेतलं होतं, आतापर्यंतचं सगळ्यात मोठं. खऱ्या विमानांत त्या काळी चाकांवर कापड चढवत, तारा झाकून जात. काका म्हणाले, “मी कापड चढवणार नाही. लोकांना तारा दिसल्या पाहिजेत.”

“दिसतील,” जयश्री म्हणाली.

नूतनने या वेळी नायलॉनची तार घेतली.

नायलॉन आणि पॉलिस्टर, दोन्हींची एकपदरी तार दिसायला बहिणी. सुरतेत कुणीही दोन्हींतला फरक काडी लावून ओळखतो: टोक जाळायचं, धूर बघायचा, वास घ्यायचा. पण वासापेक्षा मोठा फरक दुसरा आहे. नायलॉन पाणी पितं. दमट हवेत ते ओल घेतं आणि लांबतं; पॉलिस्टर कोरडं राहतं. लूमवाल्यांच्या घरात हे सांगावं लागत नाही. नूतनने तरी खात्री करून घेतली. लाकडी पट्टीवर दोन खिळ्यांमध्ये नायलॉन ताणून बांधलं, छेडलं, टणत्कार ऐकला आणि भाताच्या वाफेवर पट्टी धरली. भात शिजेपर्यंत तार गळ्यातल्या माळेसारखी लोंबली.

“काय शिजी ऱ्हायनं व, नूतन?” दारातून शोभाबाईंनी विचारलं. “भाते का तारे?”

“दोन्ही, आत्या.”

हवा कोरडी होती तोवर चाकं तयार झाली. जयश्रीने ती नेहमीसारखी तपासली, म्हणजे उजेडात धरून गरकन फिरवली. काडी लावली नाही. तारेची कापलेली टोकं नूतनच्या डब्यात असायची आणि दोरे कापणारीच्या डब्यात हात घालायची जयश्रीला सवय नव्हती. चाकं सुंदर फिरली. रंगही आधीच्यांपेक्षा चांगला बसला होता. त्यात नूतनने कसूर ठेवली नव्हती. काकांकडे नेऊन दिली तेव्हा जयश्री म्हणाली, “काका, या वेळी जीव ओतलाय मी.”

नूतन मागे उभी होती. तिला ते वाक्य इतकं आवडलं की घरी येताना तिने दोघींसाठी खमण घेतलं.

एप्रिल गेला, मे गेला. जूनपासून सुरतेची हवा अंगाला चिकटायला लागते. भिंतीला ओल येते, पापड मऊ पडतात. नूतन रोज पापडाच्या डब्यातला एक पापड मोडून बघायची. मोडायच्या ऐवजी वाकला की तिला बरं वाटायचं. एकदा तिच्या मनात आलं, काकांना सांगावं. काकांनी तिचं काय वाकडं केलं होतं? मग तिने तो व्हिडिओ पुन्हा लावला, पाठीवरचा हात बघितला आणि पापडाचं झाकण लावलं.

पंधरा ऑगस्टला दोघी जावा जयश्रीच्या मोपेडवर गेल्या, चालवायला नूतन. जयश्रीने जरीकाठी नेसली होती. रस्त्याच्या कडेला दोरी बांधली होती, माणसं दाटीने उभी होती, आभाळ भरलेलं पण थांबलेलं. काकांचं विमान टेबलाजवळ होतं, वर-खाली दोन पंख, नाकावर लाकडी पंखा, खाली चंदेरी तारांची चाकं. काकांनी तारा छेडून पाहिल्या नाहीत. या घरातलं चाक त्यांना आजवर कधी दगा देऊन गेलं नव्हतं. क्लबाचा माणूस माइकवर गुजरातीत सांगत होता, आणि सांगता सांगता त्याने जयश्रीला पुढे बोलावलं: या बहेनने चाकं हाताने बनवली आहेत, टाळ्या.

टाळ्या झाल्या. जयश्रीने दोन्ही हात जोडले.

विमान छान उठलं. डांबर गुळगुळीत, धाव सरळ. वर दोन गिरक्या मारल्या, लोकांनी माना मागे टाकल्या. मग काकांनी उतरवायला घेतलं आणि नदीकडून वाऱ्याची आडवी झुळूक आली. विमान जरा तिरकं टेकलं. चांगल्या चाकाने एवढा तिरकेपणा सोसला असता. या चाकाच्या एका अंगाच्या तारा ताणल्या गेल्या, दुसऱ्या अंगाच्या तर आधीच ढिल्या पडल्या होत्या. कडी गरम पापडासारखी दुमडली, उजवा पाय डांबराला घासला, विमान नाकावर उभं राहिलं आणि पालथं झालं.

“अरे, पैडुं गयुं!” चाक गेलं, असं कुणीतरी ओरडलं.

काका धावले नाहीत, चालत गेले. पंखा मोडला होता, खालच्या पंखाची कड चिरली होती. त्यांनी विमान सरळ केलं, चाक बोटाने दाबलं. तारा वाकल्या. छेडली, तर आवाजच नाही. खिशातून काडेपेटी काढून त्यांनी तुटलेल्या तारेचं टोक पेटवलं आणि नाकाशी धरलं.

“जयश्रीताई,” ते म्हणाले, “हे नायलॉन आहे.”

दोरीपलीकडची माणसं जवळ आली होती. जागृतीचा मोबाइल चालूच होता. जयश्रीने चाकाकडे पाहिलं, मग नूतनकडे. नूतन शांत उभी होती, जरा जास्तच शांत, आणि त्या शांतपणावरून जयश्रीला सगळं एका दमात कळलं. बाई हुशार होती. हुशार नसती तर एवढं नाव घेऊन बसली नसती.

तिच्यापुढे दोनच रस्ते होते. चाक माझं म्हणावं, तर खोट माझी. खोट माझी नाही म्हणावं, तर चाक माझं नाही.

“काका, मी तर पॉलिस्टरच सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“कुणाला सांगितलं होतं?”

“म्हणजे...”

“तुम्हीच ओवलंत ना?”

जयश्रीने ओठ चावला. नूतनने मदत केली नाही. खाली वाकून तिने मोडक्या पंख्याचा तुकडा उचलला आणि निवांत न्याहाळत बसली, जशी बाजारात एखादी वांगं न्याहाळते.

“हिने ओवलं!” जयश्री फुटली. “या नूतनने! हिलाच विचारा कुठली तार घातली ते. मी फक्त... सगळं हीच करते, मी हातसुद्धा लावत नाही!”

माइक बंद नव्हता. सगळं दोरीच्या शेवटच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

“हो काका,” नूतन म्हणाली. “हे चाक मीच ओवलं. ताई खरं बोलतात, त्या हात लावत नाहीत. याला लावला नाही, आणि आधीच्या एकालाही लावलेला नाही. पहिल्यापासून सगळी मीच केली. इथे ज्यांच्या विमानांना आमची चाकं आहेत, त्यांनी छेडून बघावीत. ती पॉलिस्टरची आहेत.”

दोघा-तिघांनी खरंच आपापल्या विमानांजवळ जाऊन छेडून पाहिली. टण, टण.

“मग तू दोरे कापायचीस ना?” जागृतीने विचारलं. तिला आठवलं, एवढंच.

“तेही मीच कापायची,” नूतन म्हणाली. “दुसरं कोण होतं?”

मागून कुणीतरी हसलं. जयश्रीची मान जरीकाठात गेली. नूतनने ते डोळे भरून पाहिलं. पूर्ण पाहिलं, घाई केली नाही. इतके महिने मोडलेले पापड त्या एका मानेसाठी होते.

काकांनी मात्र हसण्यात भाग घेतला नाही. त्यांनी नूतनला बाजूला बोलावलं.

“चुकून घातलंस नायलॉन?”

खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलली असती तर तार ओळखता न येणारी बाई ठरली असती, आणि नाव मिळालं त्याच मिनिटाला ते डागी झालं असतं.

“नाही काका. मुद्दाम.”

काकांनी चिरलेल्या पंखाकडे बोट केलं. “तुमच्या दोघींच्या भांडणात माझं विमान कशाला गं पोरी?”

बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिने तयार ठेवली होती.

“पंख मी दुरुस्त करून देते,” ती म्हणाली.

“पंखाला हात लावायचा नाही. पंख माझे. चाकं तू करायचीस, पण माझ्या ओट्यावर बसून, माझ्यासमोर. प्रत्येक तार ओवण्याआधी मी काडी लावणार. मला बरं वाटेपर्यंत असंच चालेल. आणि ते कधी बरं वाटेल ते मला माहीत नाही.”

“चालेल,” नूतन म्हणाली. तिने मनात मांडून पाहिलं: नाव मिळालं, भरवसा गेला. महाग पडलं. पण परत करावं इतकं महाग नाही.

परत जायला मोपेड एकच. बमरोलीच्या त्या टोकाला रिक्षा मिळत नाही. जयश्री मागे बसली, हात कुठे धरावा हे न कळून सीटची कड धरून. नूतनने वाटेतल्या एकाही गतिरोधकाला ब्रेक लावला नाही.

“कंबर मोडशील माझी,” जयश्री म्हणाली.

“धरून बसा ताई.”

“तुला धरू?”

“बघा बुवा. दुसरं काही नाही धरायला.”

दारात शोभाबाई होत्याच. मोपेडच्या आवाजावरूनच त्यांना काहीतरी उमगलं. “काय व माय, दोन्हीस्न तोंड असं काब्रं? इमान पडनं का?”

“पडलं,” जयश्री म्हणाली आणि आत गेली.

“कोन्हं?”

“दोघींचं, आत्या,” नूतन म्हणाली आणि तीही आत गेली.

त्यानंतर नूतन दुपारी काकांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. काका खरोखरच प्रत्येक तारेला काडी लावायचे. ती मान खाली घालून ओवायची. क्लबाची माणसं आता तिलाच फोन करायची, तिचंच नाव घेऊन. घरी स्वयंपाक अजून एकत्र होता, बोलणं मात्र मीठ आणि दूध यांपुरतं.

आठवडाभर जयश्रीने चाकांचा विषय काढला नाही. मग एके दिवशी शेजारच्या छायाकाकू चाकांबद्दल विचारायला आल्या. नूतन आत भाकरी थापत होती आणि तिला बाहेरचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

“हो, आता तीच करते,” जयश्री सांगत होती. “मीच म्हटलं, पुढे हो. किती दिवस मी पुढे राहणार? शिकवलं तर मीच ना तिला. पहिलं चाक धरायला पण येत नव्हतं तिला, हात थरथरायचे.”

“हो का? बघा बाई,” छायाकाकू म्हणाल्या.

नूतनने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. राग येईल असं तिला वाटलं होतं. आलं ते दुसरंच काहीतरी, भूक लागते तसं. पदराला हात पुसून ती दारात येऊन उभी राहिली.

“ताई, बरं झालं तुम्ही विषय काढलात. काका विचारत होते, शिकवणारी कोण. म्हणाले, तिला एकदा ओट्यावर घेऊन ये, तिच्या हातून एक चाक ओवून घेऊ. क्लबाची सगळी येणार आहेत बघायला. उद्या चला माझ्याबरोबर.”

काका असं काहीएक म्हणाले नव्हते. पण सकाळी सांगितलं तर म्हणतील, याची तिला खात्री होती.

छायाकाकू जयश्रीकडे बघायला लागल्या. शोभाबाईंनीही खुर्ची जरा आत वळवली.

“उद्या माझा उपास आहे,” जयश्री म्हणाली.

“मग परवा,” नूतन म्हणाली आणि भाकरी उलटायला आत गेली.